कुठला गुडघा घेऊ?

डावा पाय मांडीच्या मध्यावरून काढला त्याला आता बरीच वर्षं झाली. उसाचा हंगाम होता. कराडहून गावाकडे येताना आमच्या मोटारसायकलनं ट्रॅक्टरला मागे टाकायला घेतलं आणि मागची ट्रॉली रस्त्याच्या खड्ड्यात हेलकावली. मी मागे एका बाजूला पाय सोडून बसलेले. ह्यांना फक्त खरचटलं. माझ्या गुडघ्याचा चुरा झाला आणि त्याच्या मागची रक्तवाहिनी तुटली. डॉक्टरांनी पाय वाचवायचा प्रयत्न केला, पण तो गार पडत गेला. शेवटी त्यांनी कागद पुढे केला. ह्यांचा हात थरथरत होता म्हणून सही मीच केली.

भेटायला येणारे सगळे एकच सांगायचे, "आता काय, जयपूर फूट मिळतो, लोक पळतात त्यावर." पाय मिळतो हे खरं आहे. पण मांडीतून पाय गेलेल्याला पायाआधी गुडघा लागतो आणि गुडघे अनेक प्रकारचे असतात, हे त्यांच्यातल्या कुणालाच माहीत नव्हतं. गुडघ्याखाली पाय गेलेला माणूस स्वतःच्या गुडघ्यानं चालतो. तो लवकर बाजारात दिसायला लागतो. आपल्याला यंत्रावर उभं राहायचं असतं, आणि ते भलत्या वेळी वळलं की माणूस थेट जमिनीवर.

पाय बसवायच्या आधीचे काही महिने स्टंप, म्हणजे मांडीचा उरलेला भाग, बांधण्यात गेले. क्रेप बँडेज आठच्या आकड्यात गुंडाळायचं, टोकाला घट्ट आणि वर सैल. सूज उतरून आकार येतो. सासूबाई मायेनं मांडीखाली उशी सरकवायच्या. फिजिओथेरपीच्या मॅडम आल्या की पहिल्यांदा ती उशी काढायच्या. उशीवर ठेवलेली मांडी वाकलेलीच आखडते, मग ती मागे जात नाही. त्यांनी मला रोज पालथं झोपायला लावलं आणि स्टंप मागे उचलायला लावला. मला त्याचा भयंकर कंटाळा यायचा. पुढे कळलं की साध्या गुडघ्याला स्वतःचा ब्रेक नसतोच. टाच टेकताना मांडी मागे रेटायची, म्हणजे गुडघा सरळ राहतो. ती ताकद नसेल तर महागातला गुडघाही अर्धाच कामाला येतो.

माझा पहिला पाय शिबिरात मिळाला, फुकट. त्यात लॉकचा गुडघा होता. उभं राहिलं की 'खट्' आवाज होतो आणि पाय सरळ अडकतो. बसताना बाजूची वायर ओढली की सुटतो. चालताना तो वळतच नाही. चवडा जमिनीला घासू नये म्हणून हा पाय मुद्दाम थोडा आखूड ठेवतात, तरीही कमर उचलून पाय बाहेरून फिरवत टाकावा लागतो. दिवसभर असं चाललं की रात्री कंबर बोलायला लागते.

पण त्या पायाबद्दल मी वाईट बोलणार नाही. पहिल्या दिवसापासून मी ओट्यापाशी न घाबरता उभी राहिले. दोन्ही हात मोकळे ठेवून भाकरी थापली. कुबड्या घेऊन ते जमत नव्हतं. शिबिरात पाटणकडचे एक काका भेटले होते, माजी सैनिक. पुण्याच्या आर्टिफिशियल लिंब सेंटरमधून त्यांनी पाय घेतलेला. दुसऱ्या महायुद्धातल्या जखमी जवानांसाठी १९४४ साली सुरू झालेलं ते केंद्र. काकांना वळणारा गुडघा देऊ केला होता, तरी ते लॉकवरच राहिले. "पोरी, भाताच्या खाचरात उतरतो मी. चिखलात पाय वळला तर उठवायला कोण येणार?" त्यांचं त्यांच्यापुरतं बरोबरच होतं. लॉक म्हणजे मागासलेला गुडघा असं पुण्याच्या दुकानात सुचवतात, ते मनावर घेऊ नका. वय झालेलं असेल, तोल जात असेल, जमीन ओबडधोबड असेल, तर लॉक चांगला.

माझं अडलं ते शिलाईपाशी. मी ब्लाउज आणि ड्रेस शिवते. गिऱ्हाईक आलं की उठायचं, माप घ्यायचं, परत बसायचं. प्रत्येक वेळी साडी बाजूला करून वायर शोधायची. एसटीत तर फजितीच. सीटवर बसेपर्यंत पाय सरळ, पुढच्या सीटला अडकायचा, मागून लोक ढकलायचे. आणि चालताना माझा तो फिरवून टाकलेला पाय पाहून पोरं वळून बघायची, तेही मला आवडत नव्हतं. हे मी तेव्हा कुणाला बोलले नाही.

शिलाई मशीनला मोटर बसवून घेतली होती, तिची पाटी उजव्या पायानं दाबता येते. शिलाईतून थोडे साठले, भावानं थोडे घातले, आणि आम्ही पुण्याला एका खासगी केंद्रात गेलो. तिथल्या सरांनी पाच-सहा गुडघे टेबलावर मांडले. सगळ्यात साधा एका खिळीवर फिरणारा, दाराच्या बिजागरीसारखा. स्वस्त, हलका, बिघडायला काही नाही. पण तो एकाच वेगाला झुलतो. तुम्ही भरभर चाललात की खालचा पाय मागेच राहतो. दुसरा वजन पडलं की ब्रेक लागणारा. तो सुरक्षित, पण पूर्ण वजन काढल्याशिवाय वळत नाही, त्यामुळे पाऊल उचलताना किंचित थांबावं लागतं. बसतानाही आधी वजन उजव्या पायावर घ्यायचं. त्याची ब्रेकची पट्टी झिजते, ती तपासून घ्यावी लागते.

मला त्यांनी फोर-बार सुचवला. यात पुढच्या आणि मागच्या दांड्यांनी मांडीचा भाग आणि नडगीचा भाग जोडलेला असतो. त्यामुळे वळण्याचा बिंदू एका जागी राहत नाही. पाय सरळ असताना तो बिंदू वर आणि मागे सरकलेला असतो, म्हणून टाच टेकली की गुडघा आपणहून सरळ राहायला बघतो. पाऊल पुढे नेताना नडगी थोडी आखूड होते, म्हणून चवडा घासत नाही. पॅरलल बारच्या मधून मी आरशासमोर चालले आणि मला रडू आलं. कमर न उचलता चालत होते. माझ्या शेजारी सोलापूरचा एक मुलगा होता, गुडघ्याच्या सांध्यातूनच पाय काढलेला. त्याची मांडी पूर्ण लांबीची. साधा गुडघा लावला की बसल्यावर त्याचा नकली गुडघा खऱ्यापेक्षा पुढे आलेला दिसायचा. फोर-बार वळताना मांडीखाली दुमडतो, म्हणून त्याच्यासाठी त्यातला एक खास प्रकार निवडला.

फोर-बार फक्त पैसेवाल्यांनाच मिळतो असं मात्र नाही. जयपूरची भगवान महावीर विकलांग सहायता समिती आणि अमेरिकेतल्या स्टॅनफर्डचे विद्यार्थी यांनी मिळून याच तत्त्वावर एक स्वस्त नायलॉनचा गुडघा काढला. 'टाइम' मासिकानं २००९ च्या उत्तम शोधांच्या यादीत त्याचं नाव घेतलं होतं. तेव्हा शिबिरात जाताना आधी फोन करून विचारा, वळणारा गुडघा देता का म्हणून. मला हे आधी माहीत असतं तर मी तसं विचारलं असतं.

घरी आल्यावर फोर-बारच्या दुसऱ्या बाजू दिसायला लागल्या. पुण्यातला हॉल टाइल्सचा आणि सपाट होता. आमच्याकडे दारातच उतार. उतारावर टाच टेकते तोवर ठीक, पण वजन चवड्याकडे गेलं आणि गुडघा जरा वाकला, की तो पुढे धरून ठेवत नाही. एकदम बसतो. कराडला प्रीतिसंगमावर नदीच्या घाटाकडे उतरताना मी अशीच पडले. लागलं फार नाही, पण सगळ्यांसमोर उचलून बसवलं तेव्हा कुठे बघावं कळेना. नंतर शिकले. उतारावर पावलं लहान टाकायची, किंवा तिरकं उतरायचं, नकली पाय खालच्या बाजूला. पायऱ्या उतरताना आधी नकली पाय खाली, मग चांगला. चढताना आधी चांगला. पायरी एकेकच.

दुसरी गोष्ट पुरुषांना कदाचित जाणवणार नाही. दांड्यांच्या फटीत कापड अडकतं. बसताना गुडघा दुमडला की परकर किंवा सलवार आत ओढली जाते, आणि उठताना दांड्या तिला चावतात. माझी एक चांगली सलवार मागून फाटली. केंद्रात फोमचं आवरण देतात, ते दिसायला बरं असतं, पण गुडघ्यावर फोम ताणला जातो आणि वळणं जड होतं. मी होजिअरीच्या कापडाची नळी शिवली. वर सॉकेटवर, म्हणजे स्टंप ज्यात बसतो त्या साच्यावर, इलॅस्टिक, खाली नडगीवर इलॅस्टिक, आणि गुडघ्यापाशी चुण्या सोडलेल्या. चुण्या पुढच्या बाजूला घ्यायच्या. मागे घेतल्या तर त्याच आत जातात. अजूनही ती नळी मी वापरते, आणि केंद्रातल्या दोन बायकांना तशा नळ्या शिवूनही दिल्या.

काही महिन्यांनी गुडघा सपाट जमिनीवरही वळायला लागला. मी तक्रार घेऊन पुण्याला गेले. सरांनी गुडघ्याकडे बघितलंच नाही. सॉकेटमध्ये बोट घालून बघितलं. स्टंप बारीक झाला होता, सॉकेट मांडीवर गरगर फिरत होतं. मांडी मागे रेटली तरी तो जोर गुडघ्यापर्यंत पोचतच नव्हता. त्यांनी जादा मोजे घालून दिले, आणि थोड्या दिवसांनी नवं सॉकेट केलं. गुडघा तोच, एलन कीनं चार स्क्रू सोडून नव्या सॉकेटखाली लावला. हे सगळ्यांनी लक्षात ठेवावं. पहिल्या वर्षात स्टंप बदलतच राहतो. गुडघा टिकतो, सॉकेट बदलावं लागतं. म्हणून सगळे पैसे गुडघ्यात घालू नका, सॉकेटसाठी बाजूला ठेवा. सॉकेट टोचत असेल तर लाखाचा गुडघा कपाटात राहतो. असे पाय मी दोन घरांत पाहिलेत.

आणखी एक आपल्याकडचीच अडचण. आपण घरात अनवाणी असतो. बाहेरून येणारी बरीच पावलं टाचेच्या बुटाच्या हिशोबानं बनवलेली असतात. बूट काढला की टाच खाली जाते, नडगी मागे झुकते, आणि चढ चढल्यासारखं चालावं लागतं. उलट, ठरल्यापेक्षा उंच टाचेची चप्पल घातली तर नडगी पुढे झुकते आणि गुडघा वळायला बघतो. म्हणजे चप्पल बदलली तरी गुडघा धोक्याचा होऊ शकतो. जयपूर फूट १९६८ साली डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी घडवला तो याच विचारानं, की माणूस अनवाणी चालला पाहिजे, शेतात गेला पाहिजे, खाली बसला पाहिजे. माझ्या पावलाची टाच थोडी उंचीची आहे, म्हणून घरात घालायला मी तेवढ्याच टाचेची वेगळी चप्पल ठेवली आहे. देवळात जाताना तीच अडचण येते. तिथे भिंतीला हात धरून जाते.

मग माझं शिलाईचं दुकान जरा मोठं झालं. मुलगी कमवायला लागली आणि तिनंच हट्ट धरला की चांगला गुडघा घेऊ. या वेळी मी सरांना सांगितलं, हॉलमध्ये चालवून बघणार नाही, घरी नेऊ द्या. डिपॉझिट घेऊन त्यांनी दिला. सगळी केंद्रं देत नाहीत, पण विचारायला काय जातं?

पहिल्यांदा आणला तो हायड्रॉलिक. त्यात तेलाचं सिलिंडर असतं. भरभर चाललं तर तेलाचा अडथळा वाढतो आणि खालचा पाय वेळेवर पुढे येतो. वेग आपोआप जुळतो. पण त्याचा खरा उपयोग उतारावर. वजन पडल्यावर तो एकदम बसत नाही, दाबाखाली हळूहळू वाकतो. सर म्हणाले, "ताई, त्याच्यावर बसा. विश्वास ठेवून बसा." ऐकायला सोपं आहे. इतकी वर्षं गुडघा वाकला की पडायचं, हे अंगात मुरलेलं. जिन्याच्या पायरीच्या कडेवर अर्धं पाऊल ठेवायचं आणि वाकणाऱ्या गुडघ्यावर वजन सोडून द्यायचं. मी कठडा सोडला नाही. ह्यांना खाली उभं केलं होतं. कितीतरी वेळा नुसतीच उभी राहिले आणि मागे फिरले. मग एकदा सोडलं वजन. पाय आवाज न करता वाकत गेला आणि उजवं पाऊल खालच्या पायरीवर आलं. पाळीपाळीनं पाय टाकत जिना उतरण्याची ही अपघातानंतरची पहिलीच वेळ. हे खालून म्हणाले, "चल, चहा ठेवतो." ते एवढंच बोलतात.

या गुडघ्याचं वजन फोर-बारपेक्षा जास्त आहे, किलोच्या पुढे. सॉकेट घट्ट बसत नसेल तर ते वजन मांडी खाली ओढतं. तेल गळू शकतं. तेलात हवा शिरली की चालताना एक झटका जाणवतो आणि पाय थोडा उशिरा धरतो. तसं झालं की वाट न बघता दाखवायचं.

दुसरा आणला तो मायक्रोप्रोसेसरचा. आत सेन्सर असतात. पाय कुठे आहे, वजन कुठे पडतंय, हे मोजून यंत्र तेलाची वाट कमी-जास्त करतं. ऑटोबॉक कंपनीचा सी-लेग १९९७ साली आला, त्याचा पहिला प्रकारच सेकंदाला पन्नास वेळा मोजत होता. मी त्या गुडघ्यावर मंडईत गेले. भाजीच्या सालीत चवडा अडकला, मी गेलेच होते, आणि गुडघ्यानं धरलं. फोर-बारवर मी नक्की पडले असते. पाऊल अडकलं की साधा गुडघा अर्धा वळलेलाच असतो आणि तसाच खाली बसतो. हा अशा वेळी घट्ट होतो. खाली न बघता चालता येतं, हा त्याचा मोठा फायदा. घरी येईपर्यंत मी ह्यांच्याशी बोलत आले, रस्त्याकडे न बघता.

तरी मी तो घेतला नाही. पहिलं कारण किंमत. मला सांगितलेल्या रकमेत गावात दोन खोल्या होतात. वॉरंटी संपल्यावरचा दुरुस्तीचा खर्च विचारला तर त्यात एक फोर-बार येतो. दुसरं कारण चार्जिंग. आमच्या गावात पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा भरवसा नाही. बॅटरी संपली की गुडघा जड होऊन राहतो, माणूस पडत नाही, पण चालणं लॉकच्या पायासारखं होतं. तिसरं कारण माझ्या कामाचं. मी दिवसातले कितीतरी तास बसून असते. तेवढ्या चालण्यासाठी तेवढे पैसे मला पटले नाहीत. मुलगी चिडली. तिचं म्हणणं, पडून खुब्याचं हाड मोडलं तर ते केवढ्याला पडेल? तिचंही चुकलं नव्हतं. रोज बरंच चालायचं काम असेल, तरुण असेल, किंवा दुसरा पायही कमजोर असेल आणि कुणी पैसे देणार असेल, तर हाच घ्यावा असं मी सांगते. अपघाताच्या दाव्यात वकिलाला कृत्रिम पायाचा खर्च मांडताना एका पायाचा नको, आयुष्यभर लागणाऱ्या पायांचा आणि सॉकेटचा मांडायला सांगा. आमच्या वकिलांनी एकाच पायाचं बिल जोडलं होतं.

शेवटी हायड्रॉलिकच घेतला, आणि घेताना त्याच्या वर एक रोटेशन अडॅप्टर बसवून घेतला. हे मला केंद्रातल्या कुणी आपणहून सांगितलं नाही, सोलापूरच्या त्या मुलानं फोनवर सांगितलं. त्याला स्वतःला तो बसत नव्हता. बटण दाबलं की गुडघ्याखालचा पाय फिरतो, आणि मांडी घालून बसता येतं. सॉकेटचं टोक आणि गुडघा यांच्यामध्ये तेवढी जागा लागते, म्हणून फार लांब स्टंप असेल तर जमत नाही. माझा मधला आहे, जमलं. जाऊबाईंकडे पूजेला मी पाटावर मांडी घालून बसले. चारचाकीत शिरतानाही उपयोग होतो, आणि सलवार बदलताना पाय काढावा लागत नाही. गुडघ्याच्या किमतीच्या मानानं ही फार थोडी रक्कम. माझ्या मते आपल्याकडे कुठल्याही गुडघ्याआधी हे विचारावं.

कोटेशन घेताना सॉकेट, लायनर (स्टंपवर चढवायचं मऊ आवरण), गुडघा, पाऊल, अडॅप्टर यांच्या किमती वेगळ्या लिहून मागा. एकच मोठा आकडा घेऊ नका. गुडघा नवा आहे का, त्यावरचा नंबर बिलावर आहे का, ते बघा. तुमचं वजन किती किलोपर्यंत चालतं ते विचारा. वजन वाढलं तर तेही सांगा. दुरुस्तीला गुडघा गेला तर तोवर दुसरा देणार का, हे लिहून घ्या. मला तोंडी 'हो' म्हणाले होते.

आत्ता माझा हायड्रॉलिक सर्व्हिसला गेला आहे. बदली गुडघा आला नाही. जुना फोर-बार मी टाकला नव्हता, तो नव्या सॉकेटखाली लावून घेतला आणि दुकान चालू आहे. दारातल्या उतारावर ह्यांनी पाइपचा कठडा लावलाय. लग्नसराईचे ब्लाउज आहेत, थांबून चालणार नाही.